न भिजवलेला कसावा

एसिनामने कसावा किसायच्या यंत्राच्या पत्र्यावरून हात फिरवला. थंडगार. चार महिने झाले, लुआपुला नदीकाठच्या या गावात एकाही बाईने त्याला हात लावला नव्हता.

तिच्याकडे, घानात, कसावा म्हणजे साबुदाण्याचा कंद सोलायचा, किसायचा, पोत्यात भरून दगडाखाली दाबायचा आणि तीन दिवसांनी परातीत भाजायचा, की झाली रव्यासारखी गारी. वर्षभर टिकते. इथलं पीठ मात्र पावसाळ्यात बुरशी धरायचं, आणि पोरं अर्धपोटी झोपायची. म्हणून तर संस्थेने तिला एवढ्या लांब आणलं होतं. चार वर्षांच्या लेकीला, यायराला, आपल्या आईपाशी ठेवून ती आली. तिकडे गारीची शेड रस्त्याकाठी असते, म्हणून इथेही तिने ती रस्त्याकाठीच बांधून घेतली. पावसाआधी बायकांनी हे उचललं नाही, तर सगळंच मुसळ केरात.

समोरच्या आंब्याखाली बाना चोला रोज येऊन उभी राहायची. बाना चोला म्हणजे चोलाची आई. इथे लेकुरवाळीला लेकराच्या नावानेच हाक मारतात. एसिनामला मात्र सगळ्या यंत्रवालीच म्हणत.

"काय गं यंत्रवाले, अजून जिवंत?"

"काल तुमच्यासमोरच गारी खाल्ली ना, मावशी?"

"खाल्लीस खरी. तुमच्या लोकांची आतडी लोखंडाची असतील." मग तिचा आवाज उतरला. "आमचा कसावा कडू. दुष्काळात माझ्या नणंदेने घाई केली. एकच दिवस भिजवला. त्यातच गेली."

किसून दाबला की विष निघून जातं, हे एसिनामने चार महिने सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही तो का भिजवता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी तिने घरी फोन लावला. पलीकडून यायराचा आवाज आला, पण ती आजीशी बोलत होती, "त्या बाईला सांग, मी खेळतेय."

त्या बाईला. एसिनामने फोन बराच वेळ कानालाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी कसाव्याची टोपली डोक्यावर घेऊन ती बायका कसावा भिजवत त्या ओढ्यावर गेली. बायकांची बडबड एकदम थांबली.

"जागा मिळेल का?"

"यंत्र बुडवायला आलीस की काय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या. बाना चोलाने कडेचा चिखलाचा कोपरा दाखवला.

चार दिवस ती तिथे मुळं बघायला जात राहिली. बायका भिजलेलं सोलता सोलता सासवांची, नवऱ्यांची सालटीही काढत. रस्त्यावरच्या शेडमध्ये हे कसं जमावं? तिला निम्मेच शब्द कळायचे. हसायची वेळ तिला नेहमी उशिरा कळायची.

पाचव्या दिवशी मुळं हातानेच कुस्करली गेली. यंत्र लागलंच नाही. तिने लगदा दगडाखाली दाबला, दुसऱ्या सकाळी तिथेच तीन धोंड्यांवर परात मांडली आणि भाजायला बसली.

बाना चोलाने चिमूटभर जिभेवर ठेवलं. थांबली. मग मूठभर घेतलं.

"भिजवलंयस ना, मग काळजी नाही. लेकरू आहे तुला?"

"मुलगी. हेच खाऊन वाढतेय."

"नाव?"

"यायरा." ते नाव इथे कुणापुढे उच्चारायची ही पहिलीच वेळ होती.

महिन्याभराने संस्थेचा साहेब आला. "शेड तर रिकामीच आहे की!"

"ओढ्यावर बघा."

तिथे सहा चुलींच्या धुरात बायका गारी भाजत होत्या. साहेबाने यंत्र ट्रकमध्ये चढवलं आणि एसिनामलाही बसायला सांगितलं. आता दुसरं गाव, दोन दिवसांच्या वाटेवर. आणखी एक वर्ष.

ट्रक निघाला तशी ओढ्याकडून हाक आली, "बाना यायरा! परात नाही हं परत देणार!" मागोमाग हशा. या वेळी एसिनामही वेळेवर हसली.

वळणापर्यंत तिने हात हलवला. मग साहेबाला विचारलं, "तिथल्या बायका कसावा कुठे भिजवतात?"

त्याला माहीत नव्हतं. ती खिडकीकडे वळली आणि स्वतःशीच म्हणाली, "बाना यायरा."