गास्पारेची ठेच

दुकानात दोन खुर्च्या, एक आरसा आणि भिंतीवर तीन मँडोलिनं. गिऱ्हाईकाला थांबावं लागलं की ते एखादं खाली काढून वाजवत बसतं. ज्याला येत नाही त्याला मी शिकवतो, शिव्या देत शिकवतो. पंचेचाळीस वर्षं दाढी आणि मँडोलिन एकत्रच चाललंय.

गास्पारे गंधकाच्या खाणीत कामाला होता. वीस वर्षांचा. जानेवारीत शिकायला आला, तेव्हा सरावासाठी मी त्याला एक मँडोलिन घरी नेऊ दिलं. तीन आठवड्यांनी खाणीत वायू भरला आणि त्याला फळीवर घालून वर आणलं.

एप्रिलमध्ये एका सोमवारी, दुकान बंद असताना, त्याची आई फिलिप्पा मागच्या दाराने आली. मँडोलिन काळ्या शालीत गुंडाळलेलं. मला वाटलं, परत द्यायला आली.

"मास्तर, मला शिकवा," ती म्हणाली.

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? दुखवट्याच्या घरात वर्षभर कुणी शिट्टीसुद्धा वाजवत नाही. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. तो वाजवायचा तेवढंच शिकवा. पुढचं नको."

माझी बायको मेना शेंगा सोलत होती. "शिकवा की," ती म्हणाली. "मी बसते इथे. बघू कोण काय बोलतंय ते."

मी तारा टेकतात त्या घोडीजवळ, तारांखाली दाढीचा फडका खोचला. आवाज भिंतीबाहेर जाणार नाही एवढा बसला. फिलिप्पाच्या बोटांत तार छेडायची नखी दिली. ती खालीवर इतकी झपाझप फिरवायची की सूर तुटता कामा नये, एवढाच पहिला धडा. एका जोडतारेवर चार मात्रा, मग दुसऱ्या जोडतारेवर चार. तिच्या हातात नखी नीट बसेना. धुणी धुऊन राठ झालेले हात ते.

तिसऱ्या सोमवारी दुसऱ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर जाताना तिची नखी अडकली. सूर तुटला, क्षणभर काहीच नाही, मग एक खरखर आणि पुन्हा सूर. मी ओरडायला तोंड उघडलं, तोच तिने हात वर केला.

"हेच," ती म्हणाली. "इथेच अडखळायचा तो. रोज संध्याकाळी, बाहेरच्या खोलीत. मग जिभेने च्च करायचा." तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा ठेच लागली, आणि ती हसली. दुखवट्यात हसलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. "शेवटच्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं होतं, बंद कर ते, डोकं उठलं माझं. त्याने लगेच बंद केलं. सकाळी खाणीवर गेला."

मेना शेंगा सोलायची थांबली. मी मान हलवली.

मे महिनाभर ती आली. रोज घरीही वाजवायची, दारं लावून, फडका खोचून. खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही: त्या जागी प्रत्येक नवशिका अडखळतो. मीही अडखळलो होतो.

जूनच्या पहिल्या सोमवारी तिने सुरुवात केली आणि नखी दुसऱ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर सरळ गेली. सूर तुटला नाही. मी गाढव. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाबास, वहिनी."

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा साफ. मग मुद्दाम अडखळून पाहिलं; पण मुद्दाम थांबणं वेगळं आणि अडकणं वेगळं, ते तिलाही ऐकू आलं.

"मास्तर, तुम्ही वाजवून दाखवा. तो वाजवायचा तसं."

मी घेतलं. दहादा प्रयत्न केला. हात ऐकेना. पंचेचाळीस वर्षं घासलेला हात तो, त्याला चुकता येईना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तिने मँडोलिन माझ्या हातून घेतलं, फडका काढून त्याची घडी केली आणि वाद्य खुंटीला अडकवलं.

"दुसऱ्यांदा गेला," ती म्हणाली. "या खेपेला तर माझ्याच हातांनी." आणि मागच्या दाराने निघून गेली.

ऑक्टोबरात बेकरीवाला कार्मेलो शिकायला आला. चाळिशीचा, बोटं पावांसारखी. दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, त्याची नखी त्याच जागी अडकली. मी शिवी हासडणार, एवढ्यात मागच्या बोळात पाण्याची कळशी टेकल्याचा आवाज आला. उघड्या दारातून दुखवट्याच्या काळ्या झग्याची कड दिसत होती.

"चुकलं ना, मास्तर?" कार्मेलोने विचारलं.

"नाही. तसंच वाजव. परत."

दुसऱ्या दिवशी कळशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. आयुष्यात पहिल्यांदाच मी शिष्याच्या चुकीला बरोबर म्हणतोय. पण कार्मेलोचा हात बरा आहे, आणि घरी तो मन लावून सराव करतो. नाताळपर्यंत त्याची ठेच जाईल.