मुदत संपेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना सूचना फलक आहे. जुना हा शब्द ऐकून तुमच्या चेहऱ्यावर जी कीव आली असेल ती आधी पुसून टाका. मला ती चालत नाही. मी अजून भिंतीवर आहे, माझ्या कुलपात किल्ली फिरते आणि आज सकाळीच माझ्यावर तीन नवे कागद लागले आहेत. ज्यांनी मला अडगळीत टाकायचे ठरवले होते ते रोज माझ्यासमोरूनच हजेरीला जातात. ही गोष्ट त्यांचीही आहे, आणि त्यांनी ती ऐकली तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म याच महाविद्यालयाच्या सुतारशाळेत झाला. रसायनशाळेतली काही टेबले मोडीत निघाली होती. सुतारकाकांनी त्यातल्या बऱ्या फळ्या निवडल्या, रंधा मारला आणि माझी पाठ तयार केली. तिच्यावर बुचाचा थर, बुचावर हिरव्या बनातीचे जाड कापड, पुढे काचेची दोन दारे आणि मधोमध पितळी कुलूप. एका फळीवर कुणीतरी तापलेले भांडे ठेवल्याचा काळा गोल डाग होता. तो घासून निघेना. सुतारकाका म्हणाले, "राहू दे. पाठ कोण बघतंय?"

मला टांगले ते दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, जिन्याच्या पायथ्याशी. वर जाणाऱ्याला आणि खाली येणाऱ्याला मला टाळायची सोयच नव्हती. परीक्षेचे वेळापत्रक, वसतिगृहाची यादी, वक्तृत्व स्पर्धा, शिष्यवृत्तीचे अर्ज, शिक्षकांची कार्यशाळा, हरवलेली छत्री, सापडलेले एकच कानातले, सगळे माझ्याकडे. निकालाच्या दिवशी माझ्या काचेवर इतकी नाके टेकत की दुपारपर्यंत ती धुरकट होई. कुणी नाचत, कुणी गुपचूप मागच्या दाराने जात. मी दोघांनाही सारख्याच अक्षरात खरे सांगितले.

माझी किल्ली असे शिपाईमामांकडे. त्यांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला टाचण्यांची रांग खोचलेली असे, म्हणून मुलांनी त्यांचे नाव टाचणीमामा ठेवले. मामांचे नियम कडक. कागद लावायचा तर चारही कोपऱ्यांना टाचण्या हव्यात. न वाचलेला कागद लावायचा नाही. आणि अंतिम तारखेला तीन दिवस उरले की तो कागद वरून काढून बरोबर नजरेच्या उंचीवर आणायचा आणि तारखेखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ ओढायची. ही रेघ दिसली की मुले कार्यालयाकडे पळत सुटत.

सर्वांत मोठा नियम मात्र एका चुकीतून आला. कार्यालयात एक तरुण लेखनिक नुकताच रुजू झाला होता. बाहेरचे पाहुणे यायचे होते आणि स्वागताचा कागद मोठा होता. जागा करायला म्हणून त्याने परीक्षेच्या अर्जाची सूचना काढून ठेवली. मुदत संपायला अजून दोन दिवस होते. त्याच दिवशी एक मुलगी आजारपणातून उठून आली. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचले, तिला काही दिसले नाही आणि ती परत गेली. तिचे वर्ष बुडाले. कळल्यावर ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. कागद मी काढला नव्हता, पण ती बघत होती माझ्याकडे. ते मी विसरलेलो नाही.

तो लेखनिक दोन दिवस जेवला नाही म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, "अंतिम तारीख उलटेपर्यंत या फलकावरील कोणताही कागद कोणीही काढू नये." खाली सही केली, प्राचार्यांची सही घेतली आणि तो कागद माझ्या डाव्या दाराच्या आतून चिकटवला. आता तो पिवळा पडला आहे, पण सही ठसठशीत आहे.

मित्रांनो, पुढे तोच लेखनिक कार्यालयाचा अधीक्षक झाला. चष्मा आला, टक्कल आले, आणि नवे ते सगळे चांगले असे मतही आले. त्याने माझ्या समोरच, उपाहारगृहाच्या दाराशी एक मोठा पडदा लावला. त्यावर दर आठ सेकंदांनी सूचना बदलते. शिक्षकांसाठी फोनवर एक गट झाला, विद्यार्थ्यांसाठी एक झाला, आणि शिपाई, माळी, परिचर यांच्यासाठी एक. या तिसऱ्या गटावर एकच निरोप येई, "उद्या सकाळी सात वाजता हजर राहणे." माझ्यावरचे कागद कमी झाले. काचेवर धूळ साचली. एका दाराला तडा गेला, तो कुणी बदलला नाही. मुले माझ्या काचेत बघून केस नीट करू लागली. वाईट वाटले मला, खोटे कशाला बोलू?

अशात एका सोमवारी एक पत्र आले. दुसऱ्या एका विद्यापीठात प्रयोगशाळेतली काचेची उपकरणे बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण होते. विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यासाठी संधी, असा मथळा होता. प्रत्येक महाविद्यालयातून एकच अर्ज जाणार होता. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कार्यालयात द्यायचा होता, विभागप्रमुखांच्या सहीने. कार्यालयाने पत्राचा फोटो पडद्यावर टाकला आणि शिक्षकांच्या गटावर पाठवला. कर्मचारी म्हणजे शिक्षक, असे त्यांनी न वाचताच धरले. मूळ कागद मामांच्या हातात दिला, फाईलला लाव म्हणून. पण पत्राच्या डोक्यावर शिक्का होता, "सूचना फलकावर लावावे." मामांनी पत्र शेवटपर्यंत वाचले, पुन्हा वाचले, आणि मला उघडून नजरेच्या उंचीवर चार टाचण्यांनी लावले. मग जिन्यावरून हाक मारली, "काचताई! खाली या जरा. चष्मा घेऊन या."

काचताई म्हणजे रसायनशाळेतल्या परिचर. परीक्षानळ्या धुणे, बाटल्या भरणे, प्रयोगाची मांडामांड करणे हे त्यांचे काम. पण फुटलेली नळी त्या फेकत नसत. बर्नरवर तापवून, फुंकून, वाकवून त्यांनी कितीतरी उपकरणे पुन्हा उभी केली होती. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. विभागातल्या निम्म्या काचा त्यांच्या हातच्या होत्या आणि नोंदवहीत कुठेही त्यांचे नाव नव्हते.

त्यांनी काचेवर बोट ठेवून पत्र वाचले. अगदी तळाची ओळ होती, "किमान दहा वर्षे सेवा झालेले प्रयोगशाळा परिचरही पात्र. वय पंचेचाळीसच्या आत." ताईंची सेवा एकोणीस वर्षे झाली होती. वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. पुढच्या वर्षी हेच पत्र आले असते तरी त्यांच्या काही कामाचे नव्हते.

"मामा, हे माझं आहे हो," त्या हळूच म्हणाल्या.

मंगळवारी त्या विभागप्रमुखांकडे सही मागायला गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

"काय म्हणाले?" मामांनी विचारले.

"म्हणाले, ते शिक्षकांसाठी आहे, मी पडद्यावर वाचलंय. तू कुठे यात पडतेस?"

पडद्यावर काय होते ते मला समोरून दिसत होते. पत्र लांब, पडदा आडवा. तळाच्या चार ओळी मावल्याच नव्हत्या.

बुधवारी अधीक्षक सुतारकाकांच्या मुलाला घेऊन आले. आता सुतारशाळा तोच सांभाळतो. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती यायची होती, भिंत रंगवायची होती, आणि मला काढायचे होते. त्याने पेचकस लावला. मित्रांनो, मला हात नाहीत, तोंड नाही. माझ्याकडे होते ते चार गंजलेले स्क्रू. मी त्यांना घट्ट धरून ठेवले. पेचकस दोनदा घसरला.

एवढ्यात मामा आले. "साहेब, मुदतीचा कागद आहे आत."

"मग तो काढ."

मामांनी माझे डावे दार उघडले आणि पिवळ्या कागदावर बोट ठेवले. "हे वाचा आणि मग सांगा. काढतो."

अधीक्षकांनी वाचले. सहीपाशी त्यांचे डोळे थांबले. कान लाल झाले.

"शुक्रवार," ते म्हणाले. "शुक्रवारी पाच वाजून एक मिनिटाला हे इथून हललं पाहिजे."

गुरुवारी विभागप्रमुख बैठकीला बाहेरगावी गेले होते. शुक्रवारी दुपारी चारला आले. काचताई त्यांच्या दाराशी अर्ज घेऊन उभ्याच होत्या. वरच्या मजल्यावरचे बोलणे जिन्यातून माझ्यापर्यंत नीट ऐकू येते.

"अगं, सांगितलं ना एकदा? बरं, त्या कागदाचा फोटो आण. बघतो."

"फोटो नाही सर. तुम्हीच चला."

"मी? कुठे?"

"खाली. एकोणीस वर्षं तुमच्या एका हाकेसरशी मी वर आलेय. आज तुम्ही एकदा खाली या."

जिन्यावर असलेली मुले जागच्या जागी थांबली. वर एक खुर्ची सरकली. मग पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला, त्यामागे ताईंच्या चपलांचा. सर माझ्यापुढे उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचू लागले. ताई म्हणाल्या, "तळाची ओळ, सर." सरांनी ती वाचली. मग मोठ्याने वाचली, बहुतेक स्वतःलाच ऐकवण्यासाठी.

"हे पडद्यावर नव्हतं," ते म्हणाले.

"मावलं नाही, सर," मामा म्हणाले.

सरांनी खिशातून पेन काढले. टेबल नव्हते, म्हणून अर्ज माझ्या काचेवर धरला आणि सही केली. माझ्या तडकलेल्या दारावर त्या पेनाचा दाब मला अजून आठवतो. घड्याळात तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. ताई कार्यालयाकडे चालत गेल्या. पळाल्या नाहीत. परत येताना त्यांच्या हातात पोचपावती होती.

पाच वाजून एक मिनिटाला अधीक्षक आले. बोलल्याप्रमाणे मला काढले. स्क्रू पक्कडीने तोडावे लागले, एवढे मी नक्की केले. मला जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभे केले. पाठ कोण बघतंय, असे सुतारकाका म्हणाले होते. आता सगळे माझी पाठच बघत होते, काळ्या डागासकट. रंग झाला. समिती आली, चहा घेऊन गेली. मला टेकवून झाडू ठेवायला लागले. पण मी मान खाली घातली नव्हती.

महिन्याभराने निवडीचे पत्र आले. पडद्यावर म्हणे झळकले, "अभिमानास्पद! आपल्या महाविद्यालयातील कर्मचाऱ्याची निवड!" नाव शेवटच्या ओळीत होते. ते मावले नाही. मुले एकमेकांना विचारू लागली, कोणाची झाली? कुणीतरी सरळ विभागप्रमुखांचेच अभिनंदन केले.

तेव्हा सर चिडले. मी त्यांना इतके चिडलेले कधी पाहिले नव्हते, म्हणजे ऐकले नव्हते, कारण माझे तोंड भिंतीकडे होते. "कागद द्या तो इकडे," ते म्हणाले. "आणि फलक कुठाय?" त्यांनी एका बाजूने मला उचलले, दुसऱ्या बाजूने सुतारकाकांच्या मुलाने. ताज्या रंगात चार नवी भोके पडली. मामांनी कॉलरमधून चार टाचण्या काढल्या आणि ते पत्र नजरेच्या उंचीवर लावले, पहिल्या ओळीपासून तळाच्या ओळीपर्यंत. काचताई लांब उभ्या राहून आपले नाव वाचत होत्या. डोळे भरून आले होते, पण हसत होत्या.

अधीक्षक आले. नव्या रंगातली भोके बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बरं, असू दे. पण किती दिवस?"

मामांनी पुन्हा माझे डावे दार उघडले. "नियम तुमचाच आहे, साहेब. अंतिम तारीख उलटेपर्यंत."

"मग काय तारीख आहे याच्यावर?"

"बघा ना तुम्हीच."

अधीक्षकांनी पत्र वरपासून वाचले. या खेपेला तळापर्यंत. त्यावर तारीख नव्हती. निवडीच्या पत्राला कसली मुदत? त्यांनी पत्राचा एक कोपरा जरा वाकडा होता तो स्वतःच्या हाताने सरळ केला आणि निघून गेले.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असे मी तुम्हाला हात जोडून सांगणार नाही. तुमच्यासाठी आलेला कागद जपा. तो लावाल तर चार टाचण्यांनी लावा. वाचाल तर तळापर्यंत वाचा, आणि तळाशी ज्याचे नाव आहे त्याला जिन्यावरून हाक मारा. बाकी माझे मी बघून घेईन. काचताई प्रशिक्षणाहून परतल्या आहेत आणि माझ्या तडकलेल्या दाराला त्यांनी स्वतः कापलेली नवी काच बसवली आहे. कुणाला मला भिंतीवरून काढायचे असेल तर त्याने खुशाल पेचकस घेऊन यावे. फक्त आधी त्या पत्राची मुदत संपू द्यावी.