थोरल्या भावाचं गाणं

“रुमाल कुठायत तुमचे?” झेलिफानं विचारलं.

आत आलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. चर्चच्या महिला मंडळाचा पांढरा रुमाल एकीच्याही डोक्याला नव्हता. नुसत्या शेजारधर्माला आल्यासारख्या त्या चटईवर टेकल्या. मधोमध झेलिफाचा धाकटा भाऊ लेकानी चादरीखाली निजला होता, कायमचा.

“चर्चच्या वडीलमंडळींनी मनाई केलीये गं ताई,” फनेसी खाली बघत म्हणाली. “लेकानी कितीक वर्षं प्रभुभोजनाला फिरकला नाही. वर ती दारू. त्याच्यासाठी मंडळानं गायचं नाही म्हणाले.”

“आणि तू काय म्हणालीस? तू होतीस ना बैठकीत?”

“सगळ्यांनीच हात वर केले. मी एकटी काय करणार होते?”

वडीलमंडळींचं झेलिफाला फारसं वाटलं नाही. त्या लोकांना नियमापलीकडे कधी काही दिसलंच नव्हतं. पण फनेसी! हिला धड एक ओळ सुरात येत नव्हती, तेव्हा मक्यातलं तण काढता काढता झेलिफानं गायला शिकवलं होतं.

डेड्झाच्या डोंगराखालच्या त्या गावात कुणीही गेलं, की गाणं झेलिफानं सुरू करायचं आणि मंडळानं झील धरायची. ‘दार कोण उघडील माझ्या माणसाला?’ ती विचारायची. ‘आपल्याआधी मेला तो, आपला थोरला भाऊ,’ बायका उत्तर द्यायच्या. त्या गाण्यातला येशू न्यायाधीश नव्हता. आधी मरून ती वाट चालून आलेला घरातला थोरला होता. आणि धाकटा पिऊन आला म्हणून थोरला त्याला बाहेर ठेवत नाही, झेलिफाचा सगळा धर्म एवढाच होता.

कबरीशी तिनं एकटीनंच सुरू केलं. “दार कोण उघडील माझ्या माणसाला?”

कुणी तोंड उघडलं नाही. तिनं फनेसीकडे बघून पुन्हा विचारलं. फनेसीनं खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं. माती पडत राहिली. विचारणारीनं उत्तर गायचं नसतं, म्हणून झेलिफानंही ते गायलं नाही. लेकानी अर्ध्या गाण्यावर गेला.

मका काढणीला आला आणि फनेसीची आई वारली. फनेसी दारात येऊन उभी राहिली.

“ताई, चल ना. गाणं कोण सुरू करणार?”

“जिचं माणूस गेलं, तिनं करावं.”

“माझ्यावरचा राग आईवर काढू नकोस गं.”

झेलिफा गेली. मंडळाचा रुमाल नीट बांधून गेली. कबरीशी सगळ्यांचे डोळे तिच्यावर खिळले, तरी ती गप्पच. शेवटी फनेसीनंच फुटक्या आवाजात विचारलं, “दार कोण उघडील... माझ्या माणसाला?”

मंडळ सावरायच्या आत झेलिफाचा आवाज उठला, खणखणीत. “आपल्याआधी मेला तो, आपला थोरला भाऊ!”

प्रत्येक ओळीला तिनं झील दिली, एकही न गाळता. मग डोक्याचा रुमाल सोडला, घडी घालून फनेसीच्या हातात ठेवला आणि उघड्या डोक्यानं ती घराकडे निघाली.