वरच्या गुहेतला गारठा

आमच्या उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या डोंगरात एकाच कड्यात दोन गुहा आहेत. वरच्या गुहेत आम्ही ब्राउलिओ सरांच्या हाताखाली उत्खनन करायचो, खालच्या गुहेत ओब्दुलियाबाईंची माणसं. सर आणि बाई एकेकाळी एकाच वर्गात होते, पण आता बोलणं बंद. कारण, निअँडरथल माणसं.

ती थंडीच्या तडाख्याने संपली, असं सरांचं मत. बाई म्हणायच्या, थंडी त्यांनी कितीदा तरी पचवली होती; पण इवल्या इवल्या टोळ्या, शेजाऱ्यांशी सोयरीक नाही, म्हणून आटत गेली. सरांनी भर सभेत याला "लग्नं जुळवणाऱ्या मावशीचं शास्त्र" म्हटलं आणि बिनसलं.

त्या सप्टेंबरात अवचित गारठा पडला. वाऱ्याने आमचा स्वयंपाकाचा तंबू शेगडीसकट दरीत नेला. खालून मात्र पांढऱ्या घेवड्याच्या रश्शाचा, त्यात शिजणाऱ्या सॉसेजचा वास येत होता.

"सर, खाली जाऊ या ना," मी म्हणाले.

"अजिबात नाही, शुआना! आपण इथेच तग धरायचा."

दुपारी आमचा फोटोग्राफर 'दोरी आणतो' म्हणून उतरला, तो परतलाच नाही. त्याला शोधायला आमच्यातल्या दोघी गेल्या, त्याही गडप. मग मीही निघाले. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की लाज वाटली. पण पाय काही थांबले नाहीत.

खाली नेल नावाच्या दाढीवाल्याने काही न विचारता माझी ताटली भरली.

"ब्राउलिओ कुठाय?" बाईंनी विचारलं.

"वर. एकटेच."

बाईंनी घोंगडी उचलली आणि कडा चढू लागल्या. मी ताटली ठेवून मागोमाग.

सर ओल्या काड्या घासत बसले होते.

"काय रे, शेवटचा तूच उरलास?"

"बघ, थंडीनेच संपवली माझी टोळी! सिद्ध झालं."

"संपली कुठं? माझ्याकडे रस्सा ओरपतेय. चल मुकाट्याने."

"मावशी म्हणालो त्याचा राग गेला?"

"मुळीच नाही. आधी जेव, मग भांडू."

सर तीन ताटल्या जेवले आणि मग दोघं खरोखरच भांडले, सफरचंदाची दारू संपेपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात एकच छावणी लागली. माझं नेलशी लग्न झालं तेव्हा दोघांनी भाषणं ठोकली, निअँडरथल का संपले यावर. कुणाचं कुणाला पटेना. शेवटी माझ्या आईने वाजंत्र्यांना खूण केली. बाईंचा हात धरून नाचतानाही सर ओरडत होते, "थंडीच गं, थंडीच!"