नितळ राहिलेलं पाणी

तिसऱ्या दिवशी ग्लासातलं पाणी जवळजवळ नितळ राहिलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्लास माझ्या धाकट्या भावाच्या हातात होता. बाहेर अंगाची लाही करणारं ऊन. कारखान्याचा धूर चार दिवस गल्लीतून हललाच नव्हता.

"बघा!" फुंकरबाबा गरजले. "परवा फुंकलं तर दूध! काल ताक! आज निव्वळ पाणी! विष संपलं, छाती निवळली!"

बाबांच्या पाण्यात नळीने फुंकायचं. छातीतला धूर म्हणे पाण्यात उतरतो आणि ते पांढरं होतं. अट एकच. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप बंद. "पंप विषाला आत कोंडतो," बाबा म्हणायचे, आणि भावाने पंप सोडला.

भावाने तीस वर्षं त्याच कारखान्यात लोखंड ओतलं. फुप्फुसं कायमची अधू झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "अशा उन्हात, अशा हवेत बाहेर पडायचं नाही. पंप चुकवायचा नाही."

मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. मी निवृत्त ग्रंथपाल. तो प्रयोग शाळेच्या पुस्तकात वाचलेला. घरी चाचरत म्हणालो, "अरे, ती चुन्याची निवळी तर नसेल?"

"दादा, तुझा जन्म 'तर नसेल' म्हणण्यातच गेला," तो हसला आणि खोकत राहिला.

भावजय हळूच म्हणाली, "तिथून आल्यावर दोन घास खातात तरी ते."

मी विषय तिथेच सोडला. कुणाची आशा मोडणारा मी कोण?

टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेला. बाबांचा निरोप आला, "श्रद्धा कमी पडली."

आठवड्याने मी शेडमध्ये गेलो. घरी चुना पाण्यात कालवून, खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी बाटलीत भरून नेलं होतं. सगळ्यांसमोर त्यात फुंकलं. दूध झालं.

"मला ना दमा, ना खोकला," मी म्हणालो. "प्रत्येकाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. त्याने चुन्याची निवळी पांढरी होते. धूर नाही, विष नाही."

"मग तुमच्या भावाचं पाणी नितळ का राहिलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याच्यात फुंकण्याइतका श्वासच उरला नव्हता."

मी बाटली खाली ठेवली.

"आपण त्यालाच टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा." मी सगळ्यांकडे वळलो. "पंप सोडू नका. धाप वाढली तर दवाखाना गाठा. आणि मनात शंका आली तर ती गिळू नका, मोठ्याने विचारा. चुकलात तर लोक हसतील, एवढंच."