इंग्रजी उसवणारी

बादल्यांच्या कारखान्यात ऑपरेटरनं अकरा वर्षं काढली, पण मशीनच्या स्क्रीनवरचा एक शब्द कधी वाचला नाही. गरजच नव्हती. वरून तिसरी ओळ दाबली की साचा मागे सरकायचा, पाचवी दाबली की बादली बाहेर पडायची. सगळे असेच शिकले. शिकवणारेही असेच शिकलेले. मग कंपनीनं स्क्रीन बदलली, ओळी वरखाली झाल्या आणि पहिल्याच दिवशी तिघांनी सवयीनं तिसरी ओळ दाबून साचा चेपवला.

साहेबांनी फर्मान काढलं: शनिवारी मशीनसमोर तोंडी परीक्षा. नापास होईल तो गोदामात, गोण्या उचलायला. हातात साठ शब्दांची यादी दिली आणि सांगितलं, घोका.

त्यानं घोकलं. सकाळी पाठ, दुपारी सपाट. 'रिट्रॅक्ट' आणि 'इजेक्ट' एकमेकांच्या जागी जाऊन बसायचे. त्याची कंबर आधीच कुरकुरत होती. गोदामात ती सहा महिने टिकली नसती.

त्याची बायको गल्लीच्या तोंडाशी बसून लोकांचे कपडे उसवून मापात आणून द्यायची. शिक्षण नववी नापास. तिच्याकडे रद्दीतली एक फाटकी डिक्शनरी होती. गिऱ्हाईक नसलं की ती त्यातलं नेमकं तेच वाचायची, जे शिकलेली माणसं ओलांडून जातात: शब्द मुळात कुठून आला, ते कंसातलं बारीक अक्षर. शाळेनं तिला हे कधी दाखवलं नाही. याद्या दिल्या, छड्या दिल्या आणि घरी पाठवलं.

"आणा इकडं," यादी ओढून घेत ती म्हणाली. "अख्खा तागा गिळायला निघालात की काय?"

"मग काय करू?"

"उसवा. जेक्ट म्हणजे फेकणं. तुमच्याकडं रिजेक्ट मालाचा डबा असतो ना?"

"असतो."

"परत फेकलेला माल. डॉक्टर सुईनं औषध आत फेकतो, ते इंजेक्शन. मग इजेक्ट?"

"बाहेर फेकणं," तो हळूच म्हणाला. "बादली."

"आणि ट्रॅक्ट म्हणजे ओढणं. ट्रॅक्टर काय करतो?"

"ओढतो. म्हणजे रिट्रॅक्ट... मागं ओढणं. साचा." तो यादीकडे बघतच राहिला. "अकरा वर्षांत हे कुणी सांगितलं नाही गं."

"तुम्ही तरी कुणाला विचारलंत?" दातांत टाचणी धरून ती म्हणाली.

साठ शब्दांतून तिनं बावीस तुकडे काढले. बावीस तर त्याच्यासारख्यालाही पेलतात. एवढी अक्कल याद्या छापणाऱ्यांना सुचत नाही, कारण त्यांना कधी उसवावं लागलेलं नसतं.

शनिवारी साहेबांनी मुद्दाम यादीबाहेरचा शब्द स्क्रीनवर आणला: सस्पेंड. आधीचे चौघे "मशीन बंद करायचं" म्हणून मोकळे झाले होते आणि नापासही झाले होते.

"येतंय का नाही?" साहेब म्हणाले.

"थांबा साहेब, उसवतोय." मागून कुणीतरी हसलं. "पुढचा तुकडा मला येत नाही. पण मागचा पेंड आहे, पेंडिंगमधला. म्हणजे लटकणं. काम लटकत ठेवायचं, बंद नाही करायचं. हीटर चालू ठेवायचा, नाहीतर आतल्या प्लॅस्टिकचा दगड होईल."

साहेबांनी हातातल्या कागदावर बरोबरची खूण केली. "पास. पाठांतर चांगलं आहे तुझं."

एरवी तो मान हलवून निघून गेला असता. मशीन वाचलं होतं, कंबर वाचली होती. पण हा 'पाठांतर' शब्द त्याच्या डोक्यात गेला.

"पाठांतर या चौघांनी केलं, साहेब. मला बायकोनं शिकवलं. आठवडाभर तरी यांना गोदामात धाडू नका. ती येईल इथं शिकवायला."

"किती शिकल्यात त्या?"

"नववी नापास."

साहेब हसले. "मग?"

"दहावी पास माणसांनी साचा चेपवलाय, साहेब."

साहेबांनी कागदाची घडी घातली, उलगडली.

"सोमवारी चारला," ते म्हणाले. "तासभर."

"मग खुर्ची ठेवा. ती उभी राहून शिकवणार नाही. दिवसभर शिलाई मशीनवर पाय मारून येते."

सोमवारी चार वाजता साहेबांच्याच केबिनमधली खुर्ची बाहेर आली. ती बसली, चौघांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "आधी त्या याद्या खिशात घाला. आता सांगा, रोज तोंडात येणारे इंग्रजी शब्द कुठले?"

ऑपरेटर मशीनला टेकून ऐकत होता. साहेबही दारात थांबले होते. त्यांच्या हातात पेन होतं.