धगबेटाचं सातवं देवस्थान

शुक्रवारी कुवेतमधल्या खैरानच्या किनाऱ्यावर माझ्या लेकीने, उर्वीने, वाळूचा डोंगर रचला आणि म्हणाली, "मम्मा, व्होल्केनो! बट व्हेअर डू द पीपल प्रे?" झालं! मला आमचं धगबेटच आठवलं.

लहानपणी नाशिकला मी आणि माझा धाकटा भाऊ नचिकेत हेच खेळायचो. पालथी कढई म्हणजे ज्वालामुखी, खालची सतरंजी म्हणजे धगबेट. दर वेळी बेट जिंकायची मीच, थोरली ना! हरलेल्या कातळ लोकांचा राजा नच्या. त्याला हक्क एकच. शेंदूर फासलेले सात गोटे, म्हणजे बेटाची देवस्थानं, घरात लपवायची. मी हुडकायची. सहा देवस्थानं सापडली, सातवं काही केल्या सापडेना. नियम होता, जिंकणाऱ्याने चपला काढून विचारलं तर सांगायचं. पण मी कसली विचारतेय? मरेन, पण विचारणार नाही!

आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचं घर रिकामं करायचं होतं, ते इथे कुवेतमध्ये बसून मीच सगळं ठरवलं. देव कोण पुजणार, म्हणून गुरुजींना फोन करून देव्हारा गोदावरीत रिकामा करायला लावला. नच्या पुण्याला होता. त्याला विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून त्याने बोलणं टाकलं. मीही ताठच. पण खरं सांगू? रोज त्याची आठवण येते आणि रोज मी स्वतःलाच शिव्या घालते.

त्या तापल्या वाळूत मी चपला काढल्या आणि फोन लावला. उचलला त्याने!

"नच्या, हरले बाबा. सातवं देवस्थान कुठं होतं रे?"

तो म्हणाला, "चपला काढल्यास?"

"काढल्या."

"देव्हाऱ्यात होतं, ताई. बाळकृष्णाच्या मागे. आई गणपती समजून रोज फूल वाहायची त्याला."

गुरुजींना मीच बजावलं होतं, एकूण एक पाण्यात सोडा, मागे काही ठेवू नका.

"विचारलं असतंस, तर तेवढा एक गोटा मागून घेतला असता मी," तो म्हणाला. "आता काय, बेट सगळं तुझंच."

"नको रे मला ते बेट!" मी रडायलाच लागले. "भांड माझ्याशी, वाट्टेल ते बोल. पण बोल."

तो बोलला नाही. फोनही ठेवला नाही. पाय पोळत होते, तरी मी तशीच अनवाणी उभी राहिले.